कढई मागणारी बाई

माझी आणि बाईंची ओळख झाली ती मी नापास झाल्यामुळे. एकदा नव्हे, दोनदा.

अमेरिकेत, पिस्कॅटवेला शिकायला येऊन मला चार महिने झाले होते. गाडी चालवता आल्याशिवाय या देशात दूधसुद्धा आणता येत नाही हे एव्हाना कळलं होतं, म्हणून लायसन्सच्या ऑफिसात लेखी परीक्षेला गेले. तिथे एका खिडकीमागे बसून नंबर पुकारायचं काम एका काळ्या बाईंकडे होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, ऐसपैस, कानात बांगडीएवढे डूल. बाकीच्या खिडक्यांवरची माणसं नंबर नुसता सांगून मोकळी व्हायची. या बाई ‘फॉर्टी सेव्हन’ असं काही म्हणायच्या की ‘फॉर्टी’ पोटातून निघून ‘सेव्हन’पर्यंत पोचेतो रांगेतले लोक फॉर्म भरायचे थांबत. एका म्हाताऱ्याचा नंबर त्यांनी इतका आळवून पुकारला की तो खिडकीशी जायचं विसरून टाळ्या वाजवायला लागला. बाईंनी मान झुकवून टाळ्या स्वीकारल्या आणि मग त्याला सांगितलं, तुमचा फॉर्म चुकलाय.

मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “तू इथे इतकी येतेस की तुझ्याकडून भाडं घ्यायला हवं.”

“घ्या ना. नाहीतरी मी खोली शोधतेच आहे,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. “स्वयंपाक येतो?”

“येतो.”

“गाता येतं?”

“नाही.”

“उत्तम. एका घरात दोन गाणाऱ्या बायका राहिल्या की शेजारी पोलिसांना बोलावतात.”

त्या दिवशी मी पासही झाले आणि त्या शनिवारी दोन बॅगा घेऊन त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले. नागपूरची आहे असं सांगितल्यावर त्यांनी माझं नाव विचारायची तसदी घेतली नाही. मी ‘मिस नागपूर’ झाले. त्या किताबासाठी लागणारं माझ्यात काहीच नव्हतं, पण बाईंच्या तोंडून ऐकताना वाटायचं, असेलही.

मी त्यांना मावशी अशी हाक मारून पाहिली. त्यांनी अर्थ विचारला. आईची बहीण, म्हटलं.

“तुझी आई गाते?”

“नाही.”

“मग मी तिची बहीण कशी?”

तो विषय तिथेच संपला. मी त्यांना मॅडम म्हणायला लागले आणि मनात मात्र बाईच म्हणत राहिले.

कुणी पुकारल्याशिवाय बाई कुठल्याही खोलीत पाऊल टाकत नसत. पहिल्या सकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि दाराबाहेर कुणीतरी खाकरत होतं. मी म्हटलं, या ना. खाकरणं वाढलं. शेवटी बाहेरून हुकूम आला, “माझं नाव पुकार. आणि नावाआधी काहीतरी चांगलं बोल.” म्हणून नाइट ड्रेसमध्ये, हातात गाळणं धरून मी म्हणाले, लेडीज अँड जंटलमेन, या घराच्या मालकीणबाई. बाई दोन्ही हात पसरून आत आल्या, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि फ्रिजमधून अंडी काढायला लागल्या. पुढे त्याची इतकी सवय झाली की मी रोज वेगळं विशेषण शोधायची. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यातून सुटका नव्हती. बेसिनखाली आडवा पडूनच त्याने त्यांना पुकारलं होतं, आणि बऱ्यापैकी पुकारलं होतं.

दुसरी खोड फोनवरची. त्या कधीही ‘बाय’ म्हणून फोन ठेवत नसत. “रेकॉर्ड कधी बाय म्हणते का? ती हळूहळू लांब जाते,” असं त्यांचं म्हणणं. मग शेवटचं वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहायच्या आणि रिसीव्हर तोंडापासून जरा जरा दूर न्यायच्या. हात पुरायचा तिथपर्यंत नेऊन, अगदी अलगद, खाली. माझे बाबा नागपूरहून महिन्यातून एकदा एसटीडी बूथवरून फोन करायचे. एकदा मी घरी नव्हते आणि फोन बाईंनी घेतला. पुढच्या वेळी बाबा काळजीने म्हणाले, “अवं, थे बाई बोलतच रायली होती, पण आवाज दूर दूर जाऊन रायला होता. तब्येत बरी आहे ना त्यांची?”

बाबा पोस्टात कारकून होते आणि आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलक वाजवायचे. हे बाईंना सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी मला पहिल्यांदा नीट खुर्चीवर बसवलं आणि स्वतःबद्दल बोलल्या.

त्यांचं लहानपण दक्षिणेतल्या एका तंबाखूच्या गावात गेलं. चर्चमध्ये गायच्या, पण भजन म्हणताना कंबर हलते म्हणून तिथल्या बायकांनी त्यांना आधी मागच्या बाकावर आणि मग दाराबाहेर काढलं. “मी हलवत नव्हते गं. ती आपली आपण हलायची.” एकोणिसाव्या वर्षी त्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका माणसाच्या बँडमध्ये शिरल्या. अकरा वाजवणारे, एक बस, आणि बसला मागे जाण्याचा गिअर नाही. सोल म्हणजे रडवायचं, फंक म्हणजे नाचवायचं; बाईंच्या मते ज्याला दोन्ही एकाच ओळीत जमतं त्याने गावं, बाकीच्यांनी नंबर पुकारावेत. असं म्हणून त्याच आधी हसायच्या.

वर्षं गेली आणि त्यांची एक रेकॉर्ड निघाली. नवरा सोडून गेलेल्या बाईचं गाणं. ती त्याला परत ये म्हणत नाही, रडत नाही, फक्त म्हणते की जाताना माझी बिडाची कढई घेऊन गेलास, तेवढी परत दे. मधे एका जागी वाद्यं थांबतात आणि बाई एक हाक मारतात. शब्द नाही, नुसता ‘हा’. जिन्यावरून घसरताना माणूस ओरडेल तसा, पण सुरात. मग पुन्हा कढई. एक अख्खा उन्हाळा ते गाणं पूर्व किनाऱ्यावरच्या सगळ्या रेडिओंवर वाजत होतं म्हणे.

त्या रेकॉर्डचं कव्हर फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेलं होतं. त्यावर हनुवटी वर करून उभी असलेली एक उंच, सडपातळ, उजळ मुलगी होती.

“ही कोण?” मी विचारलं.

“कंपनीला आवडलेली मुलगी,” बाई म्हणाल्या. “माझा आवाज त्यांना पसंत होता. पण तो माझ्यातून निघतो हे पसंत नव्हतं.”

त्यांना वाटलं असावं की मला हे समजावून सांगावं लागेल. तशी गरज नव्हती. शाळेच्या गॅदरिंगला स्वागतगीत मी बसवलं होतं, आणि पाहुणे येण्याआधी आमच्या वर्गशिक्षिकेने मला दंडाला धरून शेवटच्या रांगेत नेलं होतं. उंचीमुळे, असं म्हणाली. मी वर्गात सगळ्यांत बुटकी होते.

तर कंपनीने त्या मुलीलाच गावोगाव स्टेजवर उभं केलं. ती पुढे ओठ हलवायची आणि बाई पडद्यामागे खुर्चीवर बसून गायच्या. वीस-पंचवीस गावं अशी झाली. मग एका दुपारच्या खेळाला बाईंची आई आली. चर्चमधल्या नऊ बायका सोबत, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, बसने पाच तास प्रवास करून. बाई पडद्याच्या फटीतून पाहत होत्या. पुढे भलतीच मुलगी बघून आईने पर्स उचलली आणि चुकीच्या हॉलमध्ये आलो असं समजून ती उठली.

“मग?”

“मग काय. मी गाण्यातच घातलं. आई, बस, मी पडद्यामागे आहे.”

बँडवाले वाजवत राहिले. पुढची मुलगी बिचारी त्या शब्दांनाही ओठ हलवत राहिली. लोकांना वाटलं नवं कडवं आहे. ते मोठ्याने विचारायला लागले, कुठे आहेस? आणि बाई आतून सांगायला लागल्या, पडद्यामागे. कुठे आहेस? पडद्यामागे. अख्खा हॉल उभा राहून टाळ्यांच्या ठेक्यात विचारत होता, आणि तेवढ्यात पडदा बाजूला झाला.

तो पडदा कुणी ओढला याची बाईंकडे चार उत्तरं होती. मला सांगितलं, आईने. नळवाल्याला सांगितलं, सॅक्सोफोनवाल्याने, कारण तो प्रेमात होता. ऑफिसातल्या साहेबाला सांगितलं, वाऱ्याने. शेजारणीला सांगितलं, देवाने. मी एकदा ही चारही उत्तरं त्यांच्यापुढे ठेवली, तर म्हणाल्या, “बघ, किती जणांनी मदत केली मला.”

खरं उत्तर मला रविवारच्या पाहुणीकडून कळलं. दर रविवारी चर्चनंतर एक बाई जेवायला यायची. उंच, गुडघ्याने अधू, एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करणारी. जेवण झालं की दोघी पत्ते खेळायच्या आणि दोघीही उघड उघड फसवायच्या. एका रविवारी बाई मागच्या अंगणात गेल्या असताना ही पाहुणी त्या फ्रेमसमोर उभी राहिली आणि स्वेटरच्या बाहीने काच पुसायला लागली. हनुवटी तशीच वर.

“किती बारीक होते मी,” ती म्हणाली.

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. मी विचारलं, पडदा?

“मी ओढला. दुसरं कोण ओढणार? दोरी माझ्याच हाताशी होती. ती म्हातारी निघून चालली होती, पोरी. मला बघवलं नाही.”

त्यापायी दोघींना कंपनीने हाकललं. गाणं रेडिओवरून उतरलं. दोघींनी मिळून दोन वर्षं लहानसहान क्लबांत कार्यक्रम केले. पाहुणीला गाता येत नव्हतं, तरी ती शेजारी उभी राहायची. मग बँडची बस बंद पडली, सॅक्सोफोनवाल्याने लग्न दुसरीशी केलं, आणि बाईंनी सरकारी परीक्षा दिली.

“मग त्या तुमचं नाव का नाही सांगत?”

“त्या गोष्टीत मी चांगली दिसते ना,” पाहुणी म्हणाली. “फोटोत दिसले तेवढं पुरे झालं, असं तिचं मत आहे.”

मी राहायला आले त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, आम्ही दोघी किराणा आणायला गेलो होतो. मी कोथिंबीर निवडत होते. छतातल्या स्पीकरवर रॅपचं एक नवीन गाणं लागलं होतं, त्या महिन्यात ते जिथेतिथे वाजत होतं. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून आपल्या गाण्यात पुन्हा पुन्हा वाजवायची पद्धत तेव्हा जोरात होती. त्या गाण्यात दर चार ओळींनी एक हाक यायची. मी ती पन्नासदा तरी ऐकली असेल आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. बाई मात्र टोमॅटोंपाशी थांबल्या. हातातला टोमॅटो त्यांनी परत ठेवला.

“ती मी आहे,” त्या म्हणाल्या.

काउंटरवरच्या मुलीलाही त्यांनी ते सांगितलं. मुलगी च्युइंगम चघळत गोड हसली, वेड्या माणसाकडे बघून हसतात तसं. मग बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, पाय रोवले, श्वास घेतला आणि ती हाक मारली.

आली नाही. वर चढता चढता मधेच फाटली आणि खोकला निघाला. वरून स्पीकरमधली हाक मात्र वेळेवर आली, स्वच्छ, तरणीताठी. मागे उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, पाणी हवंय का?

दोन दिवस बाई स्वतःहून स्वयंपाकघरात आल्या, न पुकारता. मला ते अजिबात आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. पाहुणीने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, “त्या कॅसेटच्या कव्हरवर फोटो कुणाचा आहे?” त्या रॅपवाल्याचा, मी म्हणाले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर मॉलमध्ये जे झालं त्यात माझा भाग फक्त ड्रायव्हिंगचा. तिथल्या फोटोच्या यंत्रात बसून बाईंनी एका दमात बत्तीस फोटो काढले, डूल घालून, हनुवटी वर करून. मग कॅसेटच्या दुकानात पाहुणी गुडघा धरून मोठमोठ्याने कण्हायला लागली, दुकानातली सगळी माणसं तिच्याभोवती जमली, आणि बाई शांतपणे कॅसेटमागून कॅसेट घेऊन त्या रॅपवाल्याच्या तोंडावर स्वतःचा फोटो चिकटवत गेल्या. बाविसाव्या कॅसेटला गार्डने पकडलं. चाळिशीतला गंभीर माणूस. त्याने कॅसेट बघितली, बाईंकडे बघितलं, मग कमरेवर हात ठेवून विचारलं, “कढईवाली?” त्याच्या आईकडे ती रेकॉर्ड होती. त्याने आम्हाला बाहेर काढलं, नियमाप्रमाणे, पण त्याआधी एका कॅसेटवर सही घेतली.

घरी परतताना बाई खूष होत्या, तरी मला दिसत होतं की तो खोकला त्यांच्या मनातून गेलेला नाही. तळघरात कपडे धुवायच्या मशीनशेजारी त्या रोज तासभर ती हाक लावून बघायच्या. कधी अर्धी यायची, कधी तेवढीही नाही.

एप्रिलमध्ये इथल्या आमच्या लोकांच्या मंडळाने जयंती ठेवली होती. चौदा तारखेच्या जवळचा रविवार, एका शाळेचं कॅफेटेरिया, निळ्या पताका, साठ-सत्तर माणसं. नागपूरहून येणाऱ्या गायकाला व्हिसा मिळाला नाही. मंडळाचे सेक्रेटरी एका औषध कंपनीत केमिस्ट होते, आम्ही त्यांना काका म्हणत असू. काकांचा फोन आला, “गाण्याचा प्रोग्रॅम कॅन्सल करावा लागेल बहुतेक.” मी बोलून गेले की आमच्या घरमालकीण गातात. काका म्हणाले, “अगं, पण यार, त्यांना आपलं काय येणार? आणि लोकांना त्यांचं काय कळणार?”

तोच प्रश्न बाईंनी मला विचारला. मी त्यांना गायन पार्ट्यांबद्दल सांगितलं. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक सवाल टाकते, दुसरी उत्तर देते, आणि लोक जागचे हलत नाहीत. बाई म्हणाल्या, “हे तर आमचंच आहे. तुमच्याकडे कसं गेलं?”

वंदना झाली, मुलांची इंग्रजी भाषणं झाली, आणि बाई जांभळा झगा घालून उभ्या राहिल्या. साथीला ढोलक आणि कीबोर्डवर मंडळातले दोन विद्यार्थी. बाईंच्या सांगण्यावरून मी आधी लोकांना गाण्याचा अर्थ सांगितला आणि एक ओळ शिकवली. त्यामुळे बाई इंग्रजीत गात होत्या आणि सत्तर मराठी माणसं ठेक्यात टाळ्या वाजवून ओरडत होती, “माझी कढई दे.” काकासुद्धा. ढोलकवाल्याने असा काही ठेका धरला की बाईंनी वळून त्याला डोळा मारला.

मग ती जागा आली. ढोलक थांबला. बाईंनी हाक मारली आणि ती फाटली.

पहिल्या रांगेत भारतातून मुलाकडे आलेल्या एक काकू बसल्या होत्या, सत्तरीच्या, पांढरं लुगडं, आयुष्यभर वस्तीतली गाणी ऐकलेल्या. त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, “वन्स मोअर.”

बाईंना वाटणार की चेष्टा चाललीय. बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हाताने खूण केली, म्हण, म्हण.

ढोलकवाल्याने कडवं पुन्हा उचललं. पुन्हा ती जागा आली, पुन्हा सगळं थांबलं. या वेळी बाई वर गेल्याच नाहीत. खाली उतरल्या. जिथून नंबर पुकारायच्या, त्याच्याही खालून, जवळजवळ बोलल्यासारखी ती हाक आली. जिन्यावरून घसरणाऱ्या मुलीची ती राहिली नव्हती. पडून झालंय, उठून झालंय, अशा बाईची होती. आणि मग अगदी हळू, माझी कढई. कुणीही ओरडून उत्तर दिलं नाही.

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “थे कढई नाही मागून रायली, पोरी.”

नंतर बाईंना खिरीच्या चार वाट्या मिळाल्या. त्यांनी चारही संपवल्या. काकांनी पुढच्या वर्षीची तारीख तिथल्या तिथे मागून घेतली, आणि काकूंनी बाईंचे दोन्ही हात धरून मराठीत दहा मिनिटं काहीतरी सांगितलं. बाई सगळ्याला येस, येस म्हणत होत्या. मी भाषांतर करायला गेले तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

उन्हं अजून होती. मी गाडी चालवत होते, बाई शेजारी, पाहुणी मागच्या सीटवर गुडघे पसरून. रेडिओवर ते गाणं लागलं. मी बंद करायला हात पुढे केला, बाईंनी तो धरला. हाक आली. चार ओळींनी पुन्हा आली. बाई डोळे बारीक करून ऐकत होत्या, ऑफिसात एखाद्याचा फॉर्म तपासताना करायच्या तसे.

“मुलगी बरी गाते,” त्या म्हणाल्या. “पण घाई फार करते.”

आणि त्यांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.